पिवळे ठिपके

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनच्या धक्क्यावर जुन्या माणसांना विचारलंत, तर ते आजही सांगतील की व्हिन्कोसारखी नजर या किनाऱ्यावर पुन्हा झाली नाही. कुपा मासे लांब काठ्यांना गळ लावून ओढून काढायचे दिवस होते ते. बोटीच्या डोलकाठीवर एक पिंप बांधलेलं असे, आणि त्यात उभं राहून माशांचा मेळ हुडकायचं काम व्हिन्कोचं. बाकीच्यांना जिथे नुसतं पाणी दिसे, तिथे त्याला पाण्याचा रंग किंचित गडद झालेला दिसायचा. तो वरून हात करी, आणि तांडेल काही न विचारता बोट वळवी. डोक्यावर टोपी नाही, डोळ्यांवर काळा चष्मा नाही, ओठांत मात्र सिगारेट कायमची. थोरला भाऊ येर्को खाली इंजिनापाशी तेलाने माखलेला असायचा. तो म्हणे, "देवाने आम्हां भावांत वाटणी केली. याला डोळे दिले, मला अक्कल."

दोघे क्रोएशियातल्या, दाल्मेशियाच्या एका खडकाळ बेटावरून आलेले, व्हिन्को तेव्हा एकोणीस वर्षांचा. आता तो त्र्याहत्तरचा होता. कुप्यांचा धंदा कधीच मोठ्या लोकांच्या हातात गेला होता, आणि दोघे भाऊ एका लहान बोटीतून खाडीत खेकडे आणि व्हायटिंग मासे धरायचे. पोटासाठी म्हणण्यापेक्षा सवय म्हणूनच.

मार्चमधल्या एका सकाळी बोट सोडताना व्हिन्को म्हणाला, "येर्को, तो दिव्याचा खांब वाकलाय बघ. कुणीतरी बोट आदळवली असणार."

"कुठला?"

"तो काय, धक्क्याच्या टोकाचा."

येर्कोने खांबाकडे पाहिलं, मग भावाकडे. "सरळ आहे तो. कालची वाईन उतरली नाही वाटतं तुझी."

व्हिन्को हसला. डोळा चोळल्यासारखं करून त्याने उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्याला खांब उन्हात वितळलेल्या मेणबत्तीसारखा मध्येच लचकलेला दिसला. मग त्याने डावा झाकला. खांब सरळ होता.

हे काय आहे ते त्याला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी त्याला ते स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं.

तेव्हा तो नुसता वाचायचा चष्मा बदलायला गावातल्या दुकानात गेला होता. डोळे तपासणारी फेनेला नावाची बाई वयाने त्याच्या मुलापेक्षाही लहान. तिने डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा फोटो काढून त्याला दाखवला. लालसर गोलावर मध्यभागी पिवळे ठिपके होते, फोडणी देताना भिंतीवर उडालेल्या तेलासारखे.

"तुमच्या घरात म्हातारपणी कुणाची नजर गेली होती का?" तिने विचारलं.

"नाही," व्हिन्को म्हणाला.

"सिगारेट?"

"थोडी."

थोडी म्हणजे दिवसाला पाकीट. तिने तेही ओळखलं असावं. खुर्ची पुढे ओढून ती म्हणाली, "हे ठिपके पुसता येत नाहीत. सगळ्यांचे डोळे बिघडतात असंही नाही. पण बिघडायचे की नाही, यात माणसाच्या हातात जे काही असतं, त्यात सगळ्यात मोठी गोष्ट सिगारेट. ती आजच सोडा. पालेभाजी खा, मासे खा, चालत जा, उन्हात टोपी घाला. आणि दर वर्षी मला दाखवा. सरळ रेघ वाकडी दिसली तर त्याच दिवशी या. मी डॉक्टरांना पत्र पाठवून ठेवते."

घरी आल्यावर बायकोने, डोब्रिलाने, विचारलं, "काय म्हणाली?"

"वाचायचा चष्मा दिला."

यात खोटं काही नव्हतं. बाकीचं त्याने गिळून टाकलं, आणि त्यानंतर त्या दुकानाची पायरी चढला नाही.

डोब्रिला रोज त्यांच्या बेटांवरचंच जेवण करायची: परसातली पालकासारखी चार्डची पानं बटाट्याबरोबर उकडून, वर लसूण आणि ऑलिव्हचं तेल. सोबत भाजलेले सार्डिन. व्हिन्को धक्क्यावरच्या कॅन्टीनमधून खिम्याचं पॅटिस आणि तळलेले बटाटे खाऊन यायचा आणि घरी पानांत नुसता काटा फिरवायचा. "सशाचं खाणं," म्हणायचा. येर्को त्याच टेबलावर बसून भावाच्या वाटणीचंही संपवायचा. येर्कोने उभ्या जन्मात सिगारेट ओढली नव्हती. बाराव्या वर्षी पहिल्या झुरक्याला तो असा ओकला होता, की बेटावर दोन वर्षं त्याची चेष्टा होत होती.

खांब वाकडा दिसला, तरी व्हिन्को फेनेलाकडे गेला नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. डाव्या डोळ्यासमोर मधोमध एक करडा डाग बसला आणि वाढत गेला. उजव्या डोळ्याच्या जोरावर तो रेटत राहिला. बोटीचं सुकाणू आपणहून येर्कोच्या हाती द्यायला लागला. कारण काय, तर खांदा दुखतो. जूनमध्ये उजवा डोळाही लबाडी करायला लागला. शब्दांच्या मधली अक्षरं गायब व्हायची.

आणि मग क्लबातला तो रविवार आला.

चर्चमधून सगळे नेहमीप्रमाणे क्रोएशियन क्लबात जमले होते. बाहेर लखलखीत ऊन, आत अंधारलेलं. श्टेफिका दारापाशी उभी होती. तिचा नवरा माते हा व्हिन्कोचा बोटीवरचा चाळीस वर्षांचा सोबती. त्याला मातीत ठेवून महिना झाला होता. त्यानंतर ती पहिल्यांदाच लोकांत आली होती. व्हिन्को आत येताच ती पुढे झाली आणि तिने हात पुढे केला. व्हिन्कोने तिच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता तिला ओलांडून थेट टेबलाकडे गेला. "वाईन कुठाय?" असं मोठ्याने विचारलंही.

घरी आल्यावर डोब्रिलाने पर्स टेबलावर आपटली.

"श्टेफिका न्हाणीघरात जाऊन रडली. म्हणाली, माते होता तोवर आम्ही माणसं होतो, आता कोण विचारतो. तुला लाज कशी वाटली नाही?"

"मला दिसली नाही ती."

"हातभर अंतरावर उभी होती!"

"काळे कपडे दिसले," व्हिन्को म्हणाला. "चेहरा दिसला नाही. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतंच, डोब्रिला. कोण उभं आहे ते मला कळलं नाही."

डोब्रिला त्याच्याकडे बघत राहिली. मग ती त्याच्या समोर येऊन बसली. "आत्ता माझा दिसतो?"

त्याने मान थोडी वळवली, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. "असा दिसतो. समोरून नाही."

"किती दिवस झाले?"

"झाले थोडे."

ॲडलेडला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला सात तास लागतात. डोब्रिलानेच गाडी चालवली. डॉक्टर हॅल्पिन हा उंच, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने फोटो काढले, हाताच्या शिरेत सुई टोचून रंग सोडला, पुन्हा फोटो काढले. मग दोघांना समोर बसवलं.

"डाव्या डोळ्यात आत रक्त झिरपून व्रण धरलाय," तो म्हणाला. "तिथली मधली नजर आता परत येणार नाही. तीन-चार महिन्यांपूर्वी आला असतात, तर बरीच वाचवता आली असती. उजव्या डोळ्यात झिरपायला नुकतीच सुरुवात झालीय. त्यात आजच इंजेक्शन देतो. पुढे दर महिन्याला द्यावं लागेल. राहील असं वाटतं, पण शब्द देत नाही."

"डोळ्यात इंजेक्शन?" डोब्रिलाने विचारलं.

"ऐकायला वाटतं तेवढं दुखत नाही. आणि सिगारेट बंद. इंजेक्शन देत राहायचं आणि वर धूरही चालू, म्हणजे एका हाताने पाणी उपसायचं आणि दुसऱ्या हाताने बोटीला भोक पाडायचं."

"उन्हामुळे झालं का हे?" डोब्रिला म्हणाली. "आयुष्य उन्हात काढलं यांनी. बोडक्या डोक्याने."

"उन्हाचं आम्ही अजून खात्रीने सांगू शकत नाही. सिगारेटचं सांगू शकतो. खाण्याचंही बरंचसं. आणि घराण्याचं. पण हे सगळं फेनेलाने तुम्हाला तेव्हाच समजावलं होतं ना?" डॉक्टरने समोरचा कागद उचलला. "तिचं पत्र आहे माझ्याकडे. सहा वर्षांपूर्वीचं."

व्हिन्कोला बायकोचा चेहरा दिसत नव्हता, आणि त्या क्षणी त्याला त्याचं बरंच वाटलं.

रात्र त्यांनी डोब्रिलाच्या मावसबहिणीकडे काढली आणि सकाळी परतीला लागले. व्हिन्को डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवून बसला होता. पोर्ट ऑगस्टाच्या पुढे खाडी दिसायला लागली, तशी तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

"सहा वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"सहा वर्षं मी ताट वाढत होते. कशासाठी वाढतेय, हे मला माहीत असायला नको होतं?"

"माहीत असतं तर काय केलं असतंस?"

"तुझं नाक दाबून ती पानं घशात कोंबली असती."

व्हिन्को हसला. ती हसली नाही.

"आणि तुझी आई? तुम्ही दोघे भाऊ सगळ्यांना सांगत आलात, मुलं परदेशी गेली म्हणून रडून रडून तिचे डोळे गेले. तिलाही हेच होतं ना?"

"असणार." तो बाहेर खाडीकडे वळला. "अठ्ठ्याऐंशी साली मी घरी गेलो होतो, आठवतं? ती खिडकीशी बसली होती. मी समोर उभा राहिलो तर म्हणाली, कोण आहे. मी जवळ बसलो. तिने माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि म्हणाली, येर्को, आलास. मी तिला सांगितलं नाही की मी येर्को नाही. पंधरा दिवस होतो. पंधरा दिवस येर्कोच होतो."

डोब्रिलाने हे कधी ऐकलं नव्हतं.

"त्या पोरीने फोटो दाखवला," तो पुढे म्हणाला, "तेव्हा मला ती खिडकी दिसली. वाटलं, आईचं झालं, आपलंही व्हायचं असेल तर होईल. आपण कोण थांबवणार?"

"आई सिगारेट ओढत नव्हती."

"चूल फुंकायची. धुरातच जन्म गेला."

"चूल ती तुमची पोटं भरायला फुंकायची," डोब्रिला म्हणाली. "तू कशासाठी फुंकत होतास?"

तिने गाडी सुरू केली. बऱ्याच वेळाने ती पुन्हा म्हणाली, "आंधळ्याबरोबर मी राहीन. ती तयारी आहे माझी. पण मला न सांगता आंधळा होणाऱ्या माणसाबरोबर कसं राहायचं, ते मला कळत नाही."

दुसऱ्या दिवशी तो श्टेफिकाकडे गेला. दार उघडल्यावर म्हणाला, "मी व्हिन्को. तू श्टेफिकाच आहेस ना? मला आता आवाजावरून ओळखावं लागतं." तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, आणि दोघे तिच्या नवऱ्याबद्दल बोलत दुपार होईपर्यंत बसले.

पन्नास वर्षांची सिगारेट सोडणं ही सोपी गोष्ट नव्हती. अंगावर निकोटिनची पट्टी लावली, तोंडात गोळ्या चघळल्या. तो येता-जाता खेकसायचा. एकदा जाळं गुंतलं म्हणून त्याने ते सुरीने कापून टाकलं. डोब्रिलाने फ्रिजवर चौकटींचा एक कागद चिकटवला होता. रोज सकाळी चहाआधी उजव्या डोळ्याने त्याच्या मधल्या टिंबाकडे बघायचं, रेघा सरळ आहेत का ते सांगायचं. "सरळ," तो म्हणायचा. "खरं सांग," ती म्हणायची. विश्वास परत यायला वेळ लागणार होता, आणि तो घाई करत नव्हता. ताटातली पानं मात्र तो आता संपवायचा, सक्तीने औषध घेतल्यासारखी. काही आठवड्यांनी त्याला त्यांची चवही लागायला लागली, पण तसं त्याने कबूल केलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात बोटीच्या खणात त्याला जुनं पाकीट सापडलं. आत दोन सिगारेटी होत्या. तो जाळ्यांच्या शेडमागे गेला आणि एक पेटवली. अर्धी झाली होती तेवढ्यात येर्को आला. व्हिन्कोला त्याची आकृती दिसली, चालही ओळखू आली. टोमणा येईल म्हणून तो थांबला. टोमणा आला नाही. येर्को शेजारी उलट्या टोपलीवर बसला.

"माझ्याही डोळ्यात आहेत," येर्को म्हणाला.

"काय?"

"ठिपके. त्याच पोरीने दाखवले. आठ वर्षं झाली."

व्हिन्कोच्या हातातली सिगारेट तशीच जळत राहिली. "आणि मला बोलला नाहीस?"

"तुझे डोळे म्हणजे सगळ्या किनाऱ्याचा अभिमान. म्हटलं, वाटणीत हे दुखणं मला आलं असेल. तुला उगीच कशाला घाबरवू." येर्कोने तळहात एकमेकांवर घासले. "दर वर्षी जातो मी. तिने सांगितलं ते सगळं करतो. डोब्रिलाच्या टेबलावर तुझी पानं मी खात होतो, ते काय मला ती एवढी आवडत होती म्हणून?"

"तुझे वाढले नाहीत?"

"थोडे वाढलेत. झिरपलं नाही अजून. उद्या झिरपेलही, कोण जाणे. नशीब आपल्या दोघांचं सारखंच आहे, व्हिन्को. मी त्याला जरा सांभाळून घेतलं. तू वरून लाथ घातलीस."

एक आठ वर्षं आणि दुसरा सहा वर्षं आपापलं गुपित दाबून, दोघे भाऊ एकाच बोटीत समोरासमोर बसले होते. एकाने दुसऱ्याला एक शब्द सांगितला असता, तर? हा हिशेब त्याने मनात मांडला आणि सोडून दिला, कारण येर्कोच्या श्वासावरून त्याला कळलं की तोही तोच मांडतोय. त्याने सिगारेट वाळूत विझवली. उरलेली दुसरी येर्कोने मागून घेतली आणि कुस्करून टाकली.

त्यानंतर व्हिन्कोने ओढली नाही.

त्याच रविवारी तो मुलाकडे गेला. टोन्ची चव्वेचाळीस वर्षांचा, समुद्रातल्या कुप्यांच्या शेतीवर कामाला. तो अंगणात बसून सिगारेट ओढत होता. व्हिन्कोने त्याला सगळं सांगितलं: आजीचं, येर्कोचं, आपलं. आणि म्हणाला, "जाऊन दाखवून ये. आणि ही सोड."

टोन्ची कडवट हसला. "पन्नास वर्षं तुम्ही ओढली. मी चालायला शिकलो तो तुमच्या धुरातच. आणि आता मला प्रवचन?"

"हो," व्हिन्को म्हणाला.

"मला काहीही होत नाहीये, बाबा. सगळं स्वच्छ दिसतं."

"मलाही दिसत होतं. दोन मैलांवरचा मासा दिसत होता." व्हिन्को पुढे सरकून बसला. "आत्ता तू समोर बसलायस. हसतोयस की चिडलायस, ते मला कळत नाही. तुझ्या आवाजावरून अंदाज करतोय. माझ्या आईने माझं तोंड चाचपून मला दुसऱ्याच्या नावाने हाक मारली होती. मला तुझ्या बाबतीत ते करायचं नाही, आणि तुझ्या पोरींच्या बाबतीत तू ते करू नयेस. एवढंच सांगायला आलो होतो."

टोन्चीने सिगारेट पूर्ण संपवली. "बघतो," म्हणाला. त्यानंतर दोन महिने तो गेला नाही. व्हिन्कोनेही पुन्हा विचारलं नाही. आपणही कुणाच्या सांगण्याने गेलो नव्हतो, हे तो विसरला नव्हता.

उजवा डोळा टिकला. इंजेक्शनांमधलं अंतर चार आठवड्यांवरून सहावर आणि मग आठवर गेलं. आता डॉक्टर फिरतीवर गावातच येतो, त्यामुळे ॲडलेडची खेप चुकते. डाव्याच्या मधोमध काळोख आहे, त्याच्या कडेने जगाची किनार दिसते, बस्स. गाडी चालवायचा परवाना त्याने स्वतः जाऊन परत केला. बोटीवर तो आता टोपी घालून पुढे बसतो, सुकाणूला हात लावत नाही. मोठ्या अक्षरांतलं वाचता येतं, डोब्रिलाचा चेहरा हातभर अंतरावरून दिसतो. पूर्वीसारखा नाही, पण दिसतो.

नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी व्हिन्को परसात चार्डच्या वाफ्याला पाणी घालत होता. फाटक वाजलं. पावलांवरून त्याने ओळखलं.

"टोन्ची?"

"मीच." तो जवळ येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "गेलो होतो आज. फेनेलाकडे."

व्हिन्कोने पाण्याची नळी खाली ठेवली.

"दोन आहेत, बाबा. डाव्या डोळ्यात. बारीक आहेत म्हणाली. या वयात एवढे असतात काही जणांना. पण आपल्या घरचं ऐकून तिने दर वर्षी यायला सांगितलंय." त्याचा आवाज हलका करायचा प्रयत्न दिसत होता, आणि जमत नव्हता. "सकाळपासून एकही ओढलेली नाही. उद्याचं माहीत नाही."

"उद्याचं उद्या. बायकोला सांगितलंस?"

"नाही अजून. तिला कशाला उगीच... बघू पुढे."

"आत्ता सांग," व्हिन्को म्हणाला. "घरी जाऊन नको, वाटेत तुझा विचार बदलेल. इथूनच फोन कर."

टोन्ची घुटमळला. मग त्याने खिशातून फोन काढला. पलीकडून त्याच्या बायकोचा आवाज आल्यावर तो दोनदा अडखळला, आणि मग सांगायला लागला, पहिल्यापासून. व्हिन्कोने नळ बंद केला आणि भिंतीला हात लावत, पायऱ्या मोजत तो आत गेला, मुलाला मोकळेपणी बोलता यावं म्हणून.

"कोण आलंय?" डोब्रिलाने ओट्याजवळून विचारलं.

"टोन्ची. जेवायला थांबेल," तो म्हणाला. "सांगायचंय तुला काहीतरी. आधी बस."